इंजिनाची चकाकी आणि न दिसणारे चिलखत

कळव्यातल्या आमच्या इमारतीच्या आवारात रविवारी सकाळी एक दृश्य हमखास दिसते. जुन्या मोटरसायकलींचे दोन-तीन हौशी मालक बादली, फडके आणि पॉलिशची डबी घेऊन बसतात आणि इंजिनाचे अॅल्युमिनियमचे कव्हर आपले तोंड दिसेपर्यंत घासतात. पावसाळा लागला की मात्र थोड्याच दिवसांत त्या आरशावर धुरकट झाक येते, मग पांढरे ठिपके उमटतात. बिचारे पुन्हा घासायला बसतात. आता शाळेत तर आपण शिकलो की अॅल्युमिनियम गंजत नाही. मग हे काय?

खरे म्हणजे अॅल्युमिनियम हा लोखंडापेक्षाही क्रियाशील धातू आहे. हवेचा स्पर्श होताच त्याच्या पृष्ठभागाचा ऑक्सिजनशी संयोग होतो. पण गंमत अशी, की या संयोगातून होणारे अॅल्युमिनियम ऑक्साइड धातूला घट्ट चिकटून बसते आणि त्याला सर्व बाजूंनी झाकून टाकते. खालच्या धातूपर्यंत हवा पोचतच नाही आणि क्रिया तिथेच थांबते. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. अॅल्युमिनियमचे चिलखत किती जाड असते म्हणाल? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले जेमतेम तीन-चार भाग! एवढे पातळ आणि पारदर्शक, म्हणून तर त्यातून धातूची चकाकी दिसते. रविवारी कव्हर घासताना आपण हे चिलखत खरवडून काढतो आणि हात उचलतो न उचलतो तोच ते नव्याने तयार झालेले असते.

तर मग चकाकी जाते कशी? त्यासाठी चकाकी म्हणजे काय हे आधी पाहू, आणि त्याचे उत्तर कळव्यातच सापडते. ‘इंडाल’ कंपनीने इथे वर्षानुवर्षे अॅल्युमिनियमची फॉईल लाटली. स्वयंपाकघरातली फॉईल हातात घेऊन पाहा. तिची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. पुष्कळांना वाटते की एका बाजूला कसला तरी लेप दिला आहे. तसे काही नसते. फॉईल फार पातळ करायची असली की शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकावर एक ठेवून रुळांमधून काढतात. जी बाजू पोलादाच्या गुळगुळीत रुळाला लागते ती चकचकीत होते. जी बाजू शेजारच्या पत्र्याला लागते ती किंचित खडबडीत राहते आणि मंद दिसते. धातू तोच, ऑक्साइडचा थरही तसाच. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परत पाठवतो, खडबडीत पृष्ठभाग तो चहूकडे विखरून टाकतो, एवढाच काय तो फरक.

म्हणजे इंजिनाच्या कव्हराची चकाकी जाते ती पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे. तो खडबडीत करणारे दोन शत्रू आहेत, मीठ आणि अल्कली.

ठाण्याची खाडी कळव्याला लागूनच आहे. तिच्या काठी मिठागरे होती, यावरून पाण्यातल्या मिठाची कल्पना यावी. वाऱ्याबरोबर आलेले खारट कण ओलसर कव्हरावर बसले की मिठातले क्लोराइड चिलखताचा जिथे कमकुवत ठिपका सापडेल तिथे घुसते. तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि तो आत आत वाढत जातो. वर दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे या क्रियेतून बाहेर पडलेले अॅल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड. ही भुकटी पोलादी स्क्रूच्या डोक्याभोवती जास्त का दिसते, याचेही कारण आहे. दोन भिन्न धातू आणि मध्ये खारे पाणी म्हणजे एक छोटासा विद्युत् घटच झाला, आणि त्यात झिजते ते अॅल्युमिनियम.

दुसऱ्या शत्रूची ओळख मला शाळकरी वयातच पटली. वडील गावाला गेले असताना त्यांच्या मोटरसायकलीचे तेलकट इंजिन लख्ख करून त्यांना चकित करावे, म्हणून मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्याने ते मनसोक्त धुतले. तेल गेले आणि चकाकीही गेली. कव्हर काळपट करडे पडले. वडील चकित झाले खरे! अॅल्युमिनियम ऑक्साइड उभयधर्मी आहे, हे पुस्तकातले वाक्य मला त्या दिवशी समजले. ते तीव्र आम्लात विरघळते तसेच अल्कलीतही विरघळते. साधारणपणे पीएच ४ ते ८.५ एवढ्या पट्ट्यातच हे चिलखत टिकते. सोड्याचे द्रावण त्याच्या बरेच पलीकडे असते. चिलखत विरघळले की उघडा धातू थेट पाण्याशी क्रिया करतो आणि हायड्रोजन वायू सुटू लागतो.

तेव्हा घासण्यापेक्षा धुणे महत्त्वाचे. इंजिन गार झाल्यावर साध्या पाण्याने मीठ आणि चिखल काढावा. तेलकटपणा असेल तर सौम्य साबण पुरतो. मग कोरड्या फडक्याने, विशेषतः स्क्रूंभोवती, ओल टिपून घ्यावी. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे आवरण घालून ठेवणे सर्वांत वाईट, कारण ओल आतच कोंडते. कोरड्या कव्हरावर मेणाचा पातळ हात दिला की पाणी टिकत नाही. सिलिंडरजवळच्या तापणाऱ्या भागावर मात्र मेणाचा उपयोग नाही, ते उडून जाते. पॉलिश वर्षातून एक-दोनदा पुरे. पुष्कळ पॉलिशांमध्ये घासणारे कण कशाचे असतात ठाऊक आहे? अॅल्युमिनियम ऑक्साइडचेच! कुरुंद म्हणतात तो हाच पदार्थ, काठिण्य ९. फडक्यावर येणारा काळा रंग मात्र घाणीचा नव्हे. तो खरवडून निघालेल्या अतिसूक्ष्म अॅल्युमिनियमचा आहे. फडके जितके काळे, तितके कव्हर झिजले.

काही कव्हरांवर कारखान्यातच पारदर्शक लॅकर चढवलेले असते. ते अखंड असेपर्यंत छान. पण ओरखडा पडला की ओल त्याखाली शिरते आणि पांढऱ्या किड्यांसारख्या नागमोडी रेघा पसरतात. मग सगळे लॅकर काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते.

कुणी विचारील, चिलखतच जाड का करू नये? करता येते. वस्तू सल्फ्युरिक आम्लात धनाग्राला जोडून वीज सोडली की थर हजारो पट जाड होतो. खिडक्यांच्या चौकटी अशाच टिकाऊ करतात. पण इंजिनाचे ओतीव भाग शुद्ध अॅल्युमिनियमचे नसतात. रस साच्यात नीट वाहावा म्हणून त्यात बरेच सिलिकॉन मिसळलेले असते आणि अशा मिश्रधातूवर हा जाड थर करडा, डागाळलेला उमटतो. टिकाऊपणा मिळतो, आरसा मिळत नाही.

हे सारे घरी पडताळून पाहता येईल. काचेचे तीन पेले घ्या. एकात साधे पाणी, दुसऱ्यात मिठाचे पाणी, तिसऱ्यात कोमट पाण्यात धुण्याचा सोडा. प्रत्येकात फॉईलचा एकेक तुकडा बुडवा. मिठाच्या पाण्यातल्या तुकड्याला घासून स्वच्छ केलेली तांब्याची तार गुंडाळा. पेले उघडे ठेवा, खिडकीही उघडी असू द्या आणि सोड्याच्या जागी कॉस्टिक सोडा मुळीच वापरू नका. तिसऱ्या पेल्यात थोड्याच वेळात बुडबुडे दिसतील. दुसऱ्यासाठी काही दिवस धीर धरावा लागेल. मग तो तुकडा धुऊन, वाळवून दिव्यासमोर धरा आणि तारेच्या आसपास भोकांतून उजेड येतो का पाहा.