दिवाच होतो निरोप्या

अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या भाच्यानं वडोदऱ्याच्या मामाला झेड-वेव्ह या बिनतारी तंत्राचा स्मार्ट प्लग भेट दिला, तरी तो घरातली अशी उपकरणं चालवणाऱ्या इथल्या हबला ओळख देणार नाही. झेड-वेव्ह अमेरिकेत 908.4 मेगाहर्ट्झवर चालतं, युरोपात 868.4 वर आणि भारतात 865.2 वर! आपल्याकडे 2005 पासून 865 ते 867 हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे. खोक्यावरचा आकडा आधी वाचा, मग पैसे द्या.

झिगबी या दुसऱ्या बिनतारी तंत्राचं 2.4 गिगाहर्ट्झ जगभर चालतं. मात्र तिथं वाय-फाय आणि मायक्रोवेव्हचीही गर्दी. राउटर चॅनल 1 वर असेल, तर झिगबीला 25 वर बसवा. दोघं सुखानं नांदतात.

1895 साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली होती. आजच्या घरात तर हबचा आवाज मागच्या गॅलरीपर्यंत थेट पोहोचायचीही गरज नाही. विजेवर चालणारा जवळजवळ प्रत्येक प्लग, दिवा, स्विच निरोप पुढं देतो. झेड-वेव्हचा निरोप वाटेत चार उपकरणांचा हात धरू शकतो. एक बंद पडलं, तर दुसरी वाट शोधतो. सेलवरचा दाराचा सेन्सर या कामात नसतो. तो बहुतेक वेळ झोपतो, म्हणून तर सेल इतका टिकतो. त्यामुळं जोडणी हबपासून बाहेर करत न्यावी: आधी जवळचे प्लग, मग लांबचे, सेन्सर शेवटी.

आपल्या घरांत स्मार्ट दिव्यापेक्षा स्मार्ट स्विचच बरा. आजीनं सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं, की दिव्याबरोबर निरोप्याही गेला! आणि भिंतीतली स्विचबोर्डची पेटी लोखंडी असेल, तर बऱ्याचशा लहरी तिथंच अडतात.

शेजाऱ्याच्या रिमोटनं आपला पंखा फिरेल? नाही. प्रत्येक झेड-वेव्ह जाळ्याला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि असे क्रमांक 429 कोटींहून जास्त आहेत.

निरोप पुढं देणाऱ्या अशा जाळ्यांचा कारखानी भाऊ म्हणजे वायरलेसहार्ट, 2010 पासूनचं आंतरराष्ट्रीय मानक. वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीत आहेत तशा रासायनिक कारखान्यांत टाकीचं तापमान, दाब कळवायला केबल ओढणं महागडं आणि जिकिरीचं. तिथं असे बिनतारी सेन्सर कामी येतात. रेडिओ झिगबीच्याच जातीचा, पण शिस्त कडक: प्रत्येक निरोपाला 10 मिलिसेकंदांची ठरलेली वेळ, आणि दर वेळी नवं चॅनल. एका चॅनलवर गोंगाट असला, तरी पुढचा निरोप दुसऱ्यावरून सुटतो. घरगुती झिगबीला ही उडी जमत नाही.