सरकारी पैसा कोणत्या खात्यावर?

वार्षिक समारंभ किंवा स्मरणिका ठरली म्हणजे साहाय्यासाठी ज्यांच्याकडे विनंतिपत्रे जातात, त्यांत सरकारी कचेऱ्या, सार्वजनिक बँका आणि सरकारी मालकीच्या कंपन्या हटकून असतात. येणाऱ्या रकमेस कोणी जाहिरात म्हणतो, कोणी देणगी, तर कोणी प्रायोजकत्व. नाव कोणतेही दिले तरी पैसा तोच, अशी समजूत असते. ती बरोबर नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्या समाजास हा भेद समजावून सांगण्याची वस्तुतः गरज नसावी. देवद्रव्याचे खाते निराळे, साधारण खाते निराळे. मंदिरासाठी बोललेली रक्कम भोजनखर्चाकडे वळविणे हा आपल्याकडे दोष मानतात. खर्च करणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे, हे त्यामागील तत्त्व आहे. सरकारी पैशास हेच तत्त्व लागू पडते.

त्या पैशाची मुख्य खाती तीन. जाहिरात ही खरेदी आहे. सरकारने लोकांस काही कळवावयाचे आणि त्या जागेचे मोल द्यावयाचे. केंद्राच्या जाहिरातींसाठी 1955 मध्ये स्वतंत्र संचालनालय झाले. ते काम आज केंद्रीय संचार ब्यूरो पाहते. अशा जाहिरातींचा मजकूर शासनाच्या कर्तव्याशी निगडित असावा, व्यक्तिस्तोमासाठी नसावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये बजावले. अनुदान हे दुसरे खाते. ते ठराविक कार्यासाठी मिळते आणि ज्या कामासाठी घेतले त्यासाठीच ते खर्चिले, असे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. तिसरे प्रायोजकत्व. यात मंडपावर नाव झळकते, पण लोकांस काय मिळाले हे सांगणे पुष्कळदा कठीण जाते. म्हणूनच या खात्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील 21 वा नियम येथे मार्गदर्शक आहे. समंजस मनुष्य स्वतःचा पैसा खर्चताना जी दक्षता बाळगतो, तीच अधिकाऱ्याने सार्वजनिक पैशाबाबत बाळगावी. प्रसंगास लागेल त्याहून अधिक खर्च करू नये. आणि विशिष्ट व्यक्तीच्या वा समाजाच्या एखाद्या वर्गाच्या लाभासाठी तो पैसा वापरू नये, असे हा नियम सांगतो. अपवाद दोनच: न्यायालयात वसूल करता येईल असा दावा, किंवा मान्य धोरण अथवा प्रथा. राज्य सरकारांचे वित्तीय नियम स्वतंत्र आहेत.

सरकारी कंपन्यांची गोष्ट थोडी निराळी. देवासची बँक नोट प्रेस ज्या निगमाच्या अखत्यारीत आहे, तो कंपनी कायद्याखाली 2006 मध्ये स्थापन झाला. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाप्रमाणे ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कार्यास लावावयाचे असतात. परंतु पुरस्कार-सोहळे, मॅरेथॉन, जाहिराती, कार्यक्रमांचे प्रायोजन असे एकवेळचे खर्च यात मोजता येत नाहीत, हे केंद्राने जून 2014 च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या खासगी कारखान्यांसही हाच कायदा लागू आहे. तेव्हा समारंभासाठी मागणी करताना ‘सामाजिक दायित्वातून द्या’ असे लिहिणे व्यर्थ होय.

खजिना आणि हौस यांतील सीमा पुसली म्हणजे काय होते, हे देवासने पाहिले आहे. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये खासगी चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमीच्या थाटाचे वर्णन त्यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात केले आहे. पुढे संस्थानाची आर्थिक घडी विसकटली. महाराज पाँडिचेरीस गेले आणि 1937 मध्ये तेथेच निवर्तले. केवळ उत्सवाने संस्थान बुडाले असे कोणी म्हणणार नाही, आणि महाराजांच्या भक्तीत खोट होती असेही नव्हे. पण राजाची इच्छा हीच खजिन्याची मंजुरी असेल, तर हिशेब विचारणार कोण? 1948 मध्ये धार व देवास मध्य भारतात विलीन झाली. तेव्हापासून हिशेब विचारणे हा प्रजेचा हक्क झाला, आणि 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने त्यास धार आली. भरीव सरकारी अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या बिगरसरकारी संस्थाही या कायद्याखाली येऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले आहे.

व्यापारी संस्थेस तर याहून मोठी जोखीम आहे. मंडी शुल्क, परवाने, वजनमापांची तपासणी यांबद्दल लहान दुकानदाराचे गाऱ्हाणे संस्था ज्या कचेरीपुढे मांडते, त्याच कचेरीच्या पैशावर समारंभ उभा राहिला, तर संस्था मिंधी होते. गाऱ्हाण्याचा आवाज आपोआप खाली येतो. कचेरीच्या कार्यक्रमासाठी व्यापाऱ्यांकडून वर्गणी जमविली, तरी परिणाम उलट दिशेने तोच.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितो. सरकारी रक्कम स्वीकारताना ती कोणत्या खात्यातील आहे, याचे लेखी पत्र घ्यावे. तिची नोंद वार्षिक हिशेबात स्वतंत्र ओळीत दाखवावी. आणि ज्या कचेरीपुढे आपले प्रकरण चालू आहे, तिच्याकडे साहाय्य मागू नये. यामुळे स्मरणिकेची चार पाने कमी झाली तर होवोत. सभासदांच्या वर्गणीवर निघालेली पातळ स्मरणिकाही संस्थेस शोभा देईल. आपल्या वहीतील प्रत्येक रक्कम कोठून आली आणि कोणत्या खात्यावर पडली, हे जो व्यापारी सांगू शकतो त्याचीच पत बाजारात टिकते. संस्थेच्या पतीचेही तसेच आहे.