लिंचिंग, वांशिक : अन्वेषण व मानसिक परिणाम

न्यायालयीन चौकशीवाचून जमावाने एखाद्या व्यक्तीस परस्पर दोषी ठरवून ठार मारणे, यास लिंचिंग असे म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘झुंडबळी’ हा शब्द अलीकडे रूढ झाला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ १८७७ मध्ये संपल्यावर या प्रकारास उघड वांशिक स्वरूप आले. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२–१९६८ या कालावधीत ४,७४३ व्यक्ती अशा रीतीने मारल्या गेल्या. त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होत्या. फारच थोड्या प्रकरणांत कोणास शिक्षा झाली.

या हत्यांना ‘उलगडा न झालेल्या’ म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु तो फसवा आहे. यांतील अनेक हत्या दिवसाढवळ्या, शेकडो लोकांच्या देखत झाल्या. त्यांची छायाचित्रे काढली गेली, त्यांची पोस्टकार्डे विकली गेली आणि त्यांवर जमावातील माणसांचे चेहरे स्पष्ट दिसतात. तरीही कॉरोनरच्या निर्णयात ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू’ असे ठरीव वाक्य लिहिले जाई. शेरीफ, सरकारी वकील, ज्यूरीचे सभासद व जमाव हे बहुधा एकाच गौरवर्णीय समाजातील असत. कृष्णवर्णीयांना मतदारयाद्यांतून वगळल्यामुळे ज्यूरीतही त्यांना स्थान नसे. पुरावा मिळत नव्हता असे नव्हे. तो मांडण्यास कोणी धजत नव्हते व मांडल्यास कोणी ग्राह्य धरीत नव्हते.

त्यामुळे आरंभीचे अन्वेषण शासनाबाहेरच्या व्यक्तींनी केले. मेंफिस येथे १८९२ मध्ये तीन कृष्णवर्णीय किराणा दुकानदारांची हत्या झाली. त्यांपैकी टॉमस मॉस हा पत्रकार आयडा बी. वेल्स हिचा मित्र होता. कृष्णवर्णीय पुरुषांच्या अत्याचारांमुळे जमाव खवळतो, हे नेहमीचे समर्थन तिने गौरवर्णीयांच्याच वृत्तपत्रांतील बातम्या तपासून खोडून काढले : अत्याचाराचा नुसता आरोपही सु. एकतृतीयांश प्रकरणांतच होता. तिच्या पत्राचे कार्यालय जमावाने उद्ध्वस्त केले. तिला शहर कायमचे सोडावे लागले. पुढे वॉल्टर व्हाइट याने ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संघटनेतर्फे चाळीसांवर प्रकरणांचा प्रत्यक्ष जाऊन शोध घेतला. वंशाने कृष्णवर्णीय असूनही त्याचे डोळे निळे व कांती गोरी होती. साहजिकच गावकरी त्याला आपल्यातलाच समजून हत्येची हकीकत बढाईने सांगत. न्यायालयात जे अज्ञात होते, ते पथिकाशी बोलताना अज्ञात राहत नसे.

शासकीय अन्वेषणाच्या मर्यादा जॉर्जियातील मूर्स फोर्ड प्रकरणात ठळकपणे दिसतात. २५ जुलै १९४६ रोजी ॲपलाची नदीवरील पुलाजवळ सशस्त्र जमावाने एक मोटार अडवून जॉर्ज व मे मरी डॉर्सी आणि रॉजर व डॉरथी मॅल्कम या दोन जोडप्यांना गोळ्या घातल्या. जॉर्ज डॉर्सी हा दुसऱ्या महायुद्धातून परतलेला सैनिक होता. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आदेशावरून फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनने चौकशी आरंभिली आणि सु. २,८०० लोकांना प्रश्न विचारले. मोटार चालविणाऱ्या जमीनमालकाने जमावातील एकालाही ओळखले नसल्याचे सांगितले. ग्रँड ज्यूरीने शंभरावर साक्षी नोंदविल्या. पण हत्येबद्दल कोणावरही आरोप ठेवला नाही. १९९१ मध्ये एका गौरवर्णीय गृहस्थाने पुढे येऊन, आपण दहा वर्षांचे असताना ही हत्या लपून पाहिली, असे सांगितले. त्याच्या कथनाविषयी मतभेद आहेत. चौकशी पुन्हा सुरू झाली, परंतु खटला उभा राहिला नाही. ग्रँड ज्यूरीपुढील साक्षी खुल्या कराव्यात, ही मागणी संघीय अपील न्यायालयाने मार्च २०२० मध्ये फेटाळली.

लिंचिंगविरोधी विधेयके काँग्रेसमध्ये दोनशेच्या आसपास वेळा मांडली गेली. डायर विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सीनेटमध्ये दक्षिणेच्या सभासदांनी ते अडवून धरले. अखेरीस असा कायदा २९ मार्च २०२२ रोजी झाला. त्याला एमेट टिल याचे नाव आहे. याच नावाच्या २००८ च्या कायद्याने जुन्या प्रकरणांच्या फेरतपासाची तरतूद केली. मात्र संशयित व साक्षीदार मृत झालेले, मूळ कागदपत्रे गहाळ आणि जुन्या संघीय गुन्ह्यांना लागणारी पाच वर्षांची मुदत, यांमुळे बहुतेक प्रकरणे खटल्यावाचून बंद झाली.

लिंचिंगचा मानसिक परिणाम बळीच्या कुटुंबापुरता मर्यादित नव्हता, किंबहुना तो तसा नसावा हाच जमावाचा हेतू असे. स्वतःवर प्रत्यक्ष न गुदरलेल्या हिंसेचे भयही माणसाचे सारे वर्तन घडविते, हे रिचर्ड राइट याने आपल्या आत्मचरित्रात दाखविले आहे. समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस १८९९ मध्ये सॅम होज याच्या प्रकरणाविषयी संयत निवेदन घेऊन अटलांटातील वृत्तपत्राकडे निघाले होते. होजच्या बोटांची हाडे एका दुकानात मांडली आहेत, हे वाटेत कळताच ते माघारी फिरले. अशा काळात केवळ तटस्थ अभ्यासक राहता येत नाही, असे त्यांनी पुढे लिहिले.

कुटुंबांत याची परिणती बहुधा मौनात झाली. मुलांच्या जिवाच्या भीतीने वडीलधारी माणसे मृताचे नाव घेईनाशी झाली. ज्यांच्यावर संशय, ती माणसे त्याच गावात उजळ माथ्याने वावरत असल्याने शोकालाही मोकळी वाट नव्हती. अनेकांनी शेतीवाडी टाकून उत्तरेची वाट धरली. १९१० ते १९७० या काळात सु. ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. रोजगाराची ओढ व दहशत यांचा त्यातील वाटा वेगळा काढणे कठीण आहे.

मौन मोडण्याचे ठळक उदाहरण म्हणजे मेमी टिल ही माता. तिचा चौदा वर्षांचा मुलगा एमेट याची मिसिसिपीत २८ ऑगस्ट १९५५ रोजी हत्या झाली. तिने त्याची शवपेटी शिकागोत उघडी ठेवविली आणि हजारोंनी तो विद्रूप देह पाहिला. ज्यूरीने सु. एका तासात आरोपींना निर्दोष सोडले. पुढच्याच जानेवारीत त्यांनी एका मासिकाला हत्येची कबुली दिली. त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला भरता येत नसल्याने ती कबुली निष्फळ ठरली.

शिक्षेचा मार्ग खुंटल्यावर या अन्वेषणाचा रोख नोंदीकडे व स्मरणाकडे वळला. माँगमरी येथील ईक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने १८७७–१९५० या काळातील ४,४०० हून अधिक बळींची नोंद करून २०१८ मध्ये स्मारक उभारले. त्यात परगण्यागणिक एक याप्रमाणे आठशेवर पोलादी स्तंभ टांगलेले व उभे आहेत. याच संस्थेच्या उपक्रमात वंशज व स्थानिक रहिवासी हत्येच्या जागेवरील माती काचेच्या बरण्यांत भरतात. बरणीवर बळीचे नाव, ठिकाण व दिनांक लिहिलेला असतो.