कॅमेरा, लिनक्स आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर : छायाचित्रणाच्या अध्यापकांसाठी काही विचार

प्रस्तावना

छायाचित्रणाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करताना कॅमेऱ्याच्या किमतीचा विचार प्रथम होतो. सॉफ्टवेअरच्या किमतीचा विचार मागे राहतो. मोहगाव, सौसर, पांढुर्णा या पट्ट्यात छायाचित्रकाराची कमाई मुख्यतः लग्नसमारंभ, शाळांचे कार्यक्रम व पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीसारख्या प्रसंगांवर अवलंबून असते. दरमहा शुल्काचे सॉफ्टवेअर त्यांपैकी अनेकांना परवडत नाही आणि विनापरवाना प्रत वापरण्याची सवय लागते. लिनक्स व मुक्त स्रोत सॉफ्टवेअर हा त्यावरील प्रामाणिक मार्ग आहे. परंतु "आपला कॅमेरा लिनक्सवर चालेल काय?" या प्रश्नाचे उत्तर तीन पातळ्यांवर द्यावे लागते.

१) जोडणी

ही पातळी बहुतांशी सुटलेली आहे. मेमरी कार्ड कार्डरीडरमधून थेट वाचता येते. यूएसबी केबलने जोडल्यास बहुतेक कॅमेरे पीटीपी या आंतरराष्ट्रीय मानकाने संगणकाशी बोलतात. लिनक्सवरील जीफोटो या मुक्त प्रकल्पाच्या यादीत अडीच हजारांहून अधिक कॅमेरे आहेत. सोनीच्या दूरनियंत्रण संचाची लिनक्स आवृत्तीही मिळते.

२) रॉ फाइल

खरी अडचण येथे आहे. जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी १६,३८४ पातळ्या नोंदता येतात. म्हणून काळोखी छायाचित्र सुधारण्यास रॉ उपयोगी. मात्र प्रत्येक कंपनीची रॉ रचना वेगळी असून तिची माहिती सहसा जाहीर केली जात नाही. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून डीसीरॉ हा प्रोग्राम लिहून या रचना एकेक करून उलगडल्या. २००५ मध्ये निकॉनच्या डी२एक्सच्या रॉ फाइलमधील श्वेत संतुलनाची माहिती सांकेतिक रूपात आढळली, तेव्हा बराच वाद झाला. कॅननने २०१८ मध्ये ईओएस एम५० बरोबर सीआर३ ही नवी रचना आणली. डार्कटेबलमध्ये ती उघडण्याची सोय डिसेंबर २०२१ मध्ये झाली. म्हणजे नवा कॅमेरा घेणाऱ्याला सुमारे चार वर्षे थांबावे लागले.

याउलट अडोबीने २००४ मध्ये डीएनजी ही रॉ रचना प्रसिद्ध करून सर्वांना विनाशुल्क वापरू दिली. पेंटॅक्सच्या के१०डी (२००६) या कॅमेऱ्यात थेट डीएनजीमध्ये छायाचित्र घेता येत होते. लिनक्सचे नावही न घेता केलेले हे साहाय्यच होय.

३) संस्करण

कॅनन व निकॉन यांची स्वतःची रॉ संस्करणाची सॉफ्टवेअर विंडोज व मॅकसाठीच आहेत. लिनक्सवर डार्कटेबल, रॉथेरपी, डिजिकॅम व गिम्प ही साधने उपलब्ध आहेत. ती विंडोजवरही चालतात, त्यामुळे विद्यार्थी घरच्या संगणकावर तोच सराव करू शकतो. शिकविण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे गिम्पवरील पाठ उपयुक्त आहेत. ते जर्मनीतील रोल्फ स्टाइनॉर्ट यांच्या 'मीट द गिम्प' या चित्रफीत मालिकेवरून तयार केलेले आहेत.

समारोप

कॅमेरा खरेदीपूर्वी अध्यापकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नेमके ते मॉडेल डार्कटेबल किंवा रॉथेरपीच्या यादीत आहे का. दुसरी, डीएनजीची सोय आहे का. तिसरी, दुकानातच एक रॉ फाइल घेऊन ती आपल्या संगणकावर उघडून पाहावी. अगदी नव्या मॉडेलपेक्षा दोन-तीन वर्षे जुने मॉडेल याबाबतीत बहुधा अधिक सुरक्षित ठरते.

आज काढलेले लग्नाचे छायाचित्र वीस वर्षांनीही उघडले पाहिजे. ज्या फाइलची रचना सर्वांना ठाऊक आहे, तिच्याबाबत ही खात्री अधिक असते. विद्यार्थ्याला हे समजावून देणे हाही छायाचित्रणाच्या शिक्षणाचाच भाग आहे.