आधीं पाताळेश्वर, मग वेरूळ

प्रवासास निघालेल्या कुटुंबाच्या सामानांत पूर्वीं वळकटी, पाण्याचा तांब्या आणि फराळाचा डबा या तीन वस्तु हटकून असत. आतां वळकटी गेली, तांब्या गेला आणि त्यांच्या जागीं कॅमेरा आला. ज्याच्यापाशीं स्वतंत्र कॅमेरा नाहीं त्याच्या खिशांतील मोबाईलांत तरी तो असतोच. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यांनीं शंभर फोटोंची फीत आंत भरलेला ‘कोडॅक’ कॅमेरा विक्रीस काढला. फीत संपली कीं कॅमेराच कारखान्याकडे धाडून द्यावयाचा. फोटो तयार होऊन नवी फीत भरलेला कॅमेरा परत येई. तेव्हांपासून ही विद्या धंदेवाइकांच्या काळ्या बुरख्याखालून निघून संसारी माणसाच्या हातीं आली. हातीं आली खरी. परंतु ती साधली किती जणांना, हा प्रश्न निराळा आहे. आम्हांस ती बरेच दिवस साधली नव्हती, व ती कशी व कोठें साधूं लागली, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

आमच्या घरीं आजोबांचा फोटो नाहीं. एकच होता, काळा कोट, डोक्यास पगडी व हातांत काठी, असा. तोहि आतां फक्त आमच्या आत्याबाईंच्या स्मरणांत आहे. शनिवार पेठेंतील बिऱ्हाडीं तो एका लोखंडी ट्रंकेंत, पत्रिका व जुन्या पत्रांच्या समवेत, जपून ठेविलेला असे. १९६१ सालच्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस पानशेतचें धरण फुटलें, मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांतून शिरलें, आणि पाणी ओसरल्यावर ती ट्रंक उघडली तेव्हां आंत चिखल आणि कागदाचा लगदा यांवांचून कांहीं उरलें नव्हतें. आत्याबाई त्या वेळीं एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढें साठ वर्षांनीं आम्हीं कॅमेरा घेतला त्याचें कारण विचारल्यास हीच ट्रंक दाखवावी लागेल.

कॅमेरा घेतल्यावर पहिला विचार मनांत आला तो प्रवासाचा. चांगलें चित्र चांगल्या स्थळीं मिळतें, अशी आमची समजूत होती. म्हणून हिंवाळ्यांत आत्याबाईंस बरोबर घेऊन वेरुळास गेलों. गर्दी होण्यापूर्वीं पोंचावें म्हणून भल्या पहांटे निघून, लेणीं उघडतांच आंत शिरलों आणि दुपारच्या जेवणापूर्वीं चारशें फोटो काढून मोकळे झालों. कैलासाचे फोटो काढले, हत्ती काढले, ध्वजस्तंभ काढले; आणि एका लेण्याच्या ओसरींत आत्याबाईंस उभें करून, पाठीमागें उघडें आकाश येईल अशा बेतानें, त्यांचाहि एक फोटो काढला.

घरीं येऊन पाहतों तों लेणीं सपाट! शिल्पांना उठाव नाहीं, दगडास पोत नाहीं. वरचें आकाश मात्र पांढरें फटफटीत. आत्याबाईंच्या जागीं तर नऊवारी नेसलेली एक काळी आकृति उभी होती. त्यांनीं चष्मा लावून ती न्याहाळली आणि शांतपणें म्हणाल्या, “अरे, ही मी आहे हें खालीं लिहून ठेव बाबा. मागाहून कोणाला कळायचें नाहीं.”

आम्हीं कॅमेऱ्यास दोष दिला. याहून महाग भिंग घ्यावें काय, हें विचारण्यासाठीं आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलों. तारुण्यांत त्यांनीं न्हाणीघरास काळे पडदे लावून फोटो धुण्याची हौस पुरविलेली होती. त्यांनीं सर्व फोटो पाहिले आणि विचारलें, “अहो, वेरूळचीं लेणीं कोणत्या दिशेस तोंड करून आहेत?” आम्हांस सांगतां येईना. “पश्चिमेस,” ते म्हणाले. “सकाळीं सूर्य डोंगराच्या पाठीमागें. तुम्ही चारशें फोटो काढलेत ते सगळे सांवलीचे. वेरूळ कोठें पळून जात नाहीं. आधीं पाताळेश्वरास जा, आणि एका खेपेस बारांहून अधिक फोटो काढूं नका.” बारा कां, तर त्यांच्या जुन्या पेटी-कॅमेऱ्यांत एका रोलवर बाराच फोटो येत, आणि तेरावा काढावयाचा म्हणजे पदरचे पैसे मोडावे लागत.

दहा मिनिटांच्या वाटेवरील पाताळेश्वरास जाण्याचा हा सल्ला प्रथम आम्हांस अपमानासारखा वाटला. परंतु विचार करितां त्यांत तथ्य दिसूं लागलें. हौशी माणसाची ही परंपरा आपल्याकडे लहानसहान नाहीं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं, आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. लाला दीनदयाळ यांचें नांव सर्वतोमुखीं आहे; पण रुरकीस इंजिनियरीचें शिक्षण घेऊन इंदुरास बांधकाम खात्यांत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनीं १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातीं धरला तो केवळ हौसेनें. मध्य हिंदुस्थानांतील प्राचीन वास्तूंचे फोटो काढीत ते हिंडले व पुढें निजामाच्या दरबारीं मान पावले. होमाई व्यारावाला यांचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. १९१३ सालीं नवसारीस जन्मलेल्या व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या या बाईंनीं पुढें दिल्लींत राहून स्वातंत्र्याच्या सोहळ्याचे व मोठमोठ्या पुढाऱ्यांचे फोटो काढले. २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. परंतु त्यांचे पहिले छापले गेलेले फोटो होते मुंबईच्या स्त्रियांच्या एका साध्या वनभोजनाचे! ज्यांस वनभोजन पुरलें त्यांच्यापुढें पाताळेश्वरास नाक मुरडणारे आम्ही कोण?

पाताळेश्वर हें राष्ट्रकूटांच्या काळांतील, इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमाराचें लेणें. कैलास ज्या कृष्णराजाच्या नांवाशीं जोडला जातो तोहि राष्ट्रकूट, आणि शतकहि तेंच. म्हणजे ज्या काळ्या दगडानें वेरुळास आमची फजिती केली त्याचाच भाऊबंद जंगली महाराज रस्त्यावर आमची वाट पाहत बसला होता. पटांगणाच्या मध्यभागीं वाटोळ्या छपराचा नंदीमंडप, आणि पलीकडे जाड चौकोनी खांबांच्या ओळींमागें गाभाऱ्याचा काळोख. पहिल्या खेपेस आम्ही भर दुपारीं गेलों. छपराची सांवली उभी खालीं पडलेली, नंदी काळोखांत बुडालेला आणि बाहेरचें अंगण डोळे दिपविणारें. बारांपैकीं एकहि फोटो ठेवण्याजोगा निघाला नाहीं. दुसऱ्या खेपेस सकाळीं गेलों. ऊन तिरपें येऊन खांबांवरून घसरत होतें, आणि दुपारीं जो दगड कोरा दिसला होता त्यावर छिन्नीचा घाव न् घाव उमटला होता. ऊन समोरून पडलें म्हणजे वस्तु नुसती दिसते. तेंच बाजूनें पडलें म्हणजे तिचा उंचसखलपणा दिसतो, हा पहिला धडा आम्हांस तेथें मिळाला. त्यानंतर तीन महिने दर रविवारीं आम्ही तेथें निरनिराळ्या वेळीं जात राहिलों. येणाजाणारांस आमच्या भक्तीचें कौतुक वाटूं लागलें होतें.

दुसरा धडा प्रकाशाच्या मापाचा. येथें दोन गोष्टी सांभाळावयाच्या असतात. एक भिंगाचें छिद्र व दुसरी झडप उघडी राहण्याचा वेळ. नळाची तोटी मोठी असली तर भांडें लवकर भरतें, लहान असली तर वेळ लागतो. तसेंच हें आहे. छिद्राचे आंकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि दर पायरीस प्रकाश निम्मा होतो. म्हणजे आंकडा मोठा तितकें छिद्र लहान, हें नवशिक्यानें विसरूं नये. जुन्या लोकांचा एक ठोकताळा आहे. स्वच्छ उन्हांत छिद्र १६ वर ठेवावें, आणि फीत १०० अंकाची असेल तर झडप सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागापुरती उघडावी. हा ठोकताळा आजच्या फितीविना चालणाऱ्या कॅमेऱ्यासहि लागू पडतो. सांवलींत मात्र झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्यांत हात हालला तर सर्व चित्र पुसट होतें. संरक्षित स्थळीं तिपाईस परवानगी लागते; म्हणून आम्ही भिंतीस खांदा टेकून, कोपर पोटाशीं धरून आणि श्वास रोखून कळ दाबण्यास शिकलों.

परंतु आत्याबाई काळ्या कां निघाल्या? याचें उत्तर घरच्या अंगणांत मिळालें. चुन्यानें रंगविलेल्या भिंतीचा एक फोटो आम्हीं काढला. ती करडी निघाली. मग पाताळेश्वराच्या काळ्या दगडाचा अगदीं जवळून काढला; तोहि करडाच निघाला. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकास पांढरें व काळें असा भेद कळत नाहीं. समोर येईल तें सर्व मिळून मध्यम करडें आहे असें धरून तो हिशेब करितो. ओसरींतील आत्याबाईंच्या पाठीमागें लखलखीत आकाश होतें. त्यानें तें पाहून प्रकाश कमी केला आणि त्या हिशेबांत आत्याबाईंचा चेहरा बुडाला. अशा वेळीं माप चेहऱ्यावरून घ्यावें, किंवा आपण होऊन एकदोन पायऱ्या प्रकाश वाढवावा. त्याहून सोपें म्हणजे माणसालाच वळवून उभें करावें!

तिसरा धडा महात्मा फुले मंडईंत मिळाला. १८८६ सालच्या त्या इमारतींत सकाळच्या वेळीं उजेड अंगावर येत नाहीं. मऊपणानें पसरतो, आणि माणसांच्या मुद्रा उत्तम उमटतात. म्हणून आम्ही तेथें जाऊं लागलों. एके दिवशीं पालेभाजीच्या गाळ्यावरील बाईंकडे कॅमेरा रोखतांच त्यांनीं पदर तोंडावर ओढला. “काढत्यात समदे, आणून देत न्हाई कुणी,” त्या म्हणाल्या. आम्ही खजील झालों. परवानगी मागितली, एक फोटो काढला, आणि पुढल्या रविवारीं त्याचा छापील कागद नेऊन दिला. त्यांनीं तो हातरुमालांत गुंडाळून पैशाच्या डब्यांत ठेविला. त्यानंतर त्यांनीं आमच्याकडे पाहणेंच सोडून दिलें, आणि जुडी बांधणारे त्यांचे हात, गिऱ्हाइकाशीं चाललेली हुज्जत, हें सर्व आम्हांस जसेंच्या तसें टिपतां येऊं लागलें. परक्या गांवीं एका दिवसाच्या मुक्कामांत ही ओळख होत नाहीं. तिला आठवडे लागतात.

चौदा महिन्यांनीं आम्ही पुन्हां वेरुळास गेलों. आत्याबाई आल्या नाहींत. गुडघ्यांची सबब सांगून वर म्हणाल्या, “मागच्या खेपेस मी आलें होतें याला तरी काय पुरावा आहे?” या वेळीं सकाळ आम्हीं कॅमेरा न उघडतां नुसती हिंडण्यांत घालविली. दुपार कलल्यावर ऊन कैलासाच्या शिखरावर आलें आणि देवतांच्या आकृति भिंतींतून पुढें सरकल्यासारख्या दिसूं लागल्या. दहाव्या लेण्यांत, ज्यास लोक सुताराची झोंपडी म्हणतात, पश्चिमेकडील उजेड आंत येऊन छतावरील दगडी फांसळ्या एकेक करून मोजतां येत होत्या. दिवसभरांत छत्तीस फोटो काढले. त्यांतील अकरा ठेवले.

पण या साऱ्या खटाटोपांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा फोटो वेरूळचा नाहीं. परत आल्यावर आठ दिवसांनीं, सकाळीं आत्याबाई खिडकीपाशीं मेथी निवडीत बसल्या होत्या. आम्हीं खोलींतील दिवा मालविला, त्यांच्या सांवलीच्या बाजूस खुर्चीवर धुतलेलें पांढरें धोतर पसरलें, म्हणजे खिडकीचा उजेड त्यावरून उलटून दुसऱ्या गालावर पडावा. आणि कांहीं न बोलतां बारा फोटो काढले. सातवा साधला. मान किंचित् कललेली, हातांत मेथीची काडी, आणि स्वयंपाकघरांतून कोणी हांक मारली ती ऐकत असल्यासारखी मुद्रा.

तो कागदावर छापून त्यांच्या हातीं दिला. यावेळीं तरी शाबासकी मिळेल अशी अपेक्षा होती. त्यांनीं तो उजेडांत धरून पुष्कळ वेळ पाहिला.

“अण्णांसारखी दिसतें कीं रे मी,” त्या म्हणाल्या.

अण्णा म्हणजे आमचे आजोबा. भुंवया अशाच, हनुवटी अशीच, आणि ऐकतांना मान अशीच एका बाजूस. बोटानें दाखवीत त्या सांगत राहिल्या, आणि जन्मांत न पाहिलेला तो चेहरा आम्हांस प्रथमच थोडाबहुत कळला.

ज्या वाचकांच्या घरीं कॅमेरा आहे त्यांस आमची विनंति इतकीच. दूरच्या यात्रा अवश्य कराव्या, पण त्यांपूर्वीं गांवांतील एखादें देऊळ, एखादा घाट किंवा बाजार धरून तेथें निरनिराळ्या वेळीं दहावीस खेपा घालाव्या, आणि घरांतील वडील माणसांस खिडकीच्या उजेडांत बसवावें. काढलेल्या फोटोंपैकीं निवडक कागदावर छापून घ्यावे, पाठीमागें पेन्सिलीनें नांव व तारीख लिहावी, आणि एक प्रत दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे ठेवावी. ट्रंक पाण्यांत जाते, तसा मोबाईलहि जातो. आत्याबाईंच्या फोटोची एक प्रत आम्हीं नागपुरास बहिणीकडे धाडली आहे. त्यामागें आत्याबाईंनीं स्वतःच्या हातानें आपलें नांव, आणि खालीं अण्णांचेंहि नांव, लिहिलें आहे.