वल्ह्याची स्लीव्ह झिजली की बोट का मंदावते? अख्खे वल्हे न बदलता दुरुस्ती कशी होते, समजून घ्या

रोइंगची बोट अपेक्षेइतकी वेगाने जात नसेल, तर दोष आधी खेळाडूच्या दमाला दिला जातो. कारण कधी कधी वल्ह्यावरच्या एका झिजलेल्या प्लास्टिकच्या भागात असते. तो भाग बदलता येतो, त्यासाठी महागडे वल्हे मोडीत काढावे लागत नाही.

पुण्याशी संबंध काय?

पुणे हे देशातील रोइंगचे मोठे केंद्र आहे. सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासून मुळा नदीवर आहे. दापोडीच्या सीएमईमध्ये लष्कराचे आर्मी रोइंग नोड आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये १३ वा आलेला नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ लष्करातूनच या खेळात आला. स्पर्धेची कार्बन फायबरची वल्ही मात्र प्रामुख्याने परदेशी कंपन्यांची असतात. त्यामुळे कॉलेजच्या क्लबसाठी दुरुस्ती हा थेट खर्चाचा प्रश्न ठरतो.

झीज नेमकी कुठे होते?

वल्ह्याचे मुख्य भाग चार: हातात धरायची ग्रिप, लांब दांडा, मधली स्लीव्ह आणि पाण्यातले पाते. बोटीवरच्या ज्या कडीत वल्हे बसते तिला ओरलॉक म्हणतात. दांडा तिथे घासू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची स्लीव्ह असते. स्लीव्हवरची कॉलर वल्ह्याला बाहेर सरकू देत नाही.

ऑलिंपिकची शर्यत २,००० मीटरची असते. एकट्या खेळाडूला सुमारे ७ मिनिटे लागतात. मिनिटाला ३० वेळा वल्हे मारले, तर २१० फटके होतात. प्रत्येक फटक्यात पाते एकदा आडवे आणि एकदा उभे करावे लागते. म्हणजे एका शर्यतीत स्लीव्ह ४२० वेळा ओरलॉकमध्ये फिरते. रोजच्या सरावाचा हिशेब याहून कितीतरी मोठा. त्यात वाळूचे कण अडकले, तर झीज वाढते.

झिजल्याने काय बिघडते?

स्लीव्हची सपाट बाजू ओरलॉकला टेकते आणि पाण्यात पात्याचा कोन ठरतो. साधारण ४ अंशांचा कल ठेवला जातो. कल कमी झाला, तर पाते खोल जाते. जास्त झाला, तर पाण्यातून निसटते. खेळाडू मग मनगटाने कोन सावरत राहतो. ताकद तिथे खर्च होते आणि हात दुखतो.

बदलायचे कसे?

- ग्रिप: गुळगुळीत किंवा फाटलेली ग्रिप चिरून काढावी. जुना गोंद साफ करून नवी बसवावी. ती हातात फिरत असेल, तर वापरू नये.
- स्लीव्ह: काढण्याआधी तिची जागा आणि दिशा दांड्यावर खुणेने नोंदवावी. काही वल्ह्यांत गोंद उष्णतेने सुटतो. पण जास्त तापवल्यास दांड्यातील रेझिन खराब होते. नवी स्लीव्ह बसवताना पात्याशी कोन जुळवावा. मोबाइलमधील लेव्हल ॲपने प्राथमिक अंदाज येतो.
- कॉलर: स्क्रू सैल झाला, तर कॉलर सरकते. जोडीतील दोन्ही वल्ह्यांचे माप सारखेच ठेवावे.
- पाते: काठाचे छोटे टवके इपॉक्सीने भरता येतात. कार्बन घासताना मास्क वापरावा आणि पृष्ठभाग ओला ठेवावा.

काय दुरुस्त करू नये?

दांड्याला तडा असेल, तर घरगुती डागडुजी टाळावी. पूर्ण जोर लावलेला असताना वल्हे तुटले, तर खेळाडू पाण्यात पडू शकतो. असे वल्हे बाजूला ठेवून उत्पादकाचा सल्ला घ्यावा.

दौंड-शिरूरच्या होड्यांना हे लागू आहे का?

पुण्याची मुळा-मुठा पुढे खुटबाव ज्या तालुक्यात आहे त्या दौंड तालुक्यातून वाहत भीमेला मिळते. मासेमारीच्या होडीचे लाकडी वल्हे स्लीव्हशिवाय, थेट खुंटीवर किंवा दोरीत घासते. तत्त्व मात्र तेच आहे. घासण्याच्या जागी चामड्याची किंवा रबराची पट्टी गुंडाळली, तर पट्टी झिजते, लाकूड वाचते. पट्टी बदलणे सोपे, वल्हे बदलणे खर्चिक.

रोज काय करावे?

सराव संपल्यावर स्लीव्ह आणि ओरलॉक ओल्या कापडाने पुसावेत. वल्हे उन्हात टाकू नये. महिन्यातून एकदा कोन तपासावा. शर्यतीच्या आदल्या दिवशी नवी स्लीव्ह बसवू नये. तिची सवय व्हायला काही सराव लागतात.