जाड लोकरीचे कामाचे जॅकेट: नेमके माप कसे निवडावे

उत्तर अमेरिकेच्या थंड, पावसाळी जंगलांत राबणाऱ्या माणसांसाठी एक कपडा घडत गेला: जाड लोकरीचे, कमरेखाली येणारे, भरपूर खिशांचे जॅकेट. मिशिगन आणि ह्युरॉन या महासरोवरांना जोडणाऱ्या सामुद्रधुनीच्या नावावरून त्याच्या कापडाला मॅकिनॉ म्हणतात. क्लोंडाइकच्या सोन्यासाठी उत्तरेकडे निघालेल्यांना गरम कपडे मिळावेत म्हणून सी. सी. फिल्सन यांनी १८९७ साली सिएटलमध्ये दुकान काढले. १९१४ साली त्यांनी ‘क्रूझर’ या जॅकेटचे पेटंट घेतले. जंगलात पायी फिरून उभ्या झाडांतून किती लाकूड निघेल याचा अंदाज बांधणाऱ्याला तिकडे क्रूझर म्हणत. त्याच्या वह्या-पेन्सिलींसाठी पुढे खिसे आले आणि नकाशासाठी पाठभर रुंद खिसा आला.

आज शिक्षणाला किंवा नोकरीला सिएटल, टोरांटो, शिकागोकडे जाणारे अनेक मराठी लोक अशी जॅकेटे घेतात, काही नवी, काही जुन्या बाजारातून. किंमत मोठी असते आणि कपडा बरीच वर्षे टिकतो, म्हणून मापाची चूकही तितकीच वर्षे अंगावर राहते. ती टाळण्यासाठी काय, कोणत्या क्रमाने पाहावे ते आता पायरीपायरीने पाहू.

आधी कापड समजून घेऊ

लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ओल, उष्णता आणि घासणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट होते. गिरणीत ही क्रिया मुद्दाम, मोजून केली जाते. म्हणून मॅकिनॉ आपल्या घोंगडीसारखे दाट असते आणि वारा सहज आत येऊ देत नाही. पण हेच कापड सुती शर्टासारखे सैल पडत नाही आणि विणलेल्या स्वेटरसारखे ताणलेही जात नाही.

ऊब मिळते ती तंतूंमध्ये आणि थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. जॅकेट फार घट्ट असेल तर आतला स्वेटर दाबला जातो आणि त्यातली हवा निघून जाते. फार सैल असेल तर प्रत्येक हालचालीला गरम हवा गळ्यातून आणि खालच्या कडेतून बाहेर पडते. म्हणजे माप चुकले की कापड कितीही चांगले असले तरी थंडी लागते.

पहिली पायरी: आत काय घालणार ते ठरवा

कापडाची टेप हातात घेण्याआधी हे ठरवा. फक्त जाड शर्टावर घालणार, की शर्ट आणि लोकरी स्वेटर अशा दोन थरांवर? लाकूड फोडणे, बर्फ उपसणे अशी अंगमेहनत असेल तर शरीरच उष्णता तयार करते आणि एक थर पुरतो. बस स्टॉपवर उभे राहायचे असेल तर दोन लागतात.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दुकानात टी-शर्टवर घालून पाहिलेले जॅकेट छान बसते आणि जानेवारीत स्वेटरवर त्याची बटणे लागत नाहीत. ज्या कपड्यांवर ते वापरायचे, तेच कपडे अंगात घालून पुढची सगळी मापे घ्या.

दुसरी पायरी: अंगाची मापे घ्या

चार मापे पुरतात. छाती काखेखालून, सगळ्यात भरलेल्या भागावरून मोजा. खांदा एका टोकाच्या हाडापासून दुसऱ्या टोकाच्या हाडापर्यंत पाठीवरून मोजा. बाहीसाठी हात कोपरात किंचित वाकवून ठेवा. चौथे माप नितंबांच्या घेराचे, कारण हे जॅकेट तिथपर्यंत येते.

बाहीच्या बाबतीत एक घोटाळा हमखास होतो. आपल्याकडचा शिंपी बाही खांद्याच्या टोकापासून मनगटापर्यंत मोजतो. अमेरिकी तक्त्यात पुष्कळदा हे माप मानेच्या मागच्या मधल्या बिंदूपासून, खांद्यावरून मनगटापर्यंत घेतलेले असते. म्हणून तिथे ३४ इंच बाही दिसली तर दचकू नका. आपले मापही त्याच पद्धतीने घ्या आणि मगच तुलना करा.

तिसरी पायरी: लूज किती ठेवायचा

अंगाच्या मापापेक्षा कपड्याचे माप जितके जास्त, त्याला शिंपी लूज म्हणतात. फक्त शर्टावर घालायच्या जॅकेटला छातीत साधारण चार इंच, स्वेटरवर घालायच्या जॅकेटला सहा ते सात इंच लूज लागतो. आपली छाती ४० इंच असेल तर दुसऱ्या प्रकारात जॅकेटचा घेर ४६ ते ४७ इंच हवा.

इतका कशाला, असे वाटेल. कारण जाडी जागा खाते. कापड ३ मिलिमीटर जाड असेल, तर बाहेरून मोजलेल्या घेरापेक्षा आतला घेर सुमारे १९ मिलिमीटरने, म्हणजे पाऊण इंचाने कमी भरतो. स्वेटरही तितकाच जाड असेल तर आणखी पाऊण इंच जातो. श्वास, हालचाल आणि खिशातल्या वस्तू यांना लागणारी जागा वेगळीच.

चौथी पायरी: लेबल नीट वाचा

लेबलवरचा ४० हा आकडा सहसा घालणाऱ्याच्या छातीचे माप सांगतो. जॅकेटचा प्रत्यक्ष घेर त्याहून मोठा असतो. म्हणून लूज आधीच मिळवून ४६ नंबरचे जॅकेट मागवणे ही नेहमीची चूक आहे. तसे केले तर लूज दोनदा धरला जातो. युरोपीय लेबलवर बहुधा छातीच्या निम्मे माप सेंटिमीटरमध्ये असते. तिथला ५० म्हणजे सुमारे १०० सेंटिमीटर छाती, साधारण अमेरिकी ४०.

एकाच कंपनीच्या दोन जॅकेटांची बेतणीही वेगळी असू शकते. फिल्सनच्या कपड्यांवर ‘अलास्का फिट’ आणि ‘सिएटल फिट’ अशी नावे दिसतात. पहिल्यात आत थर घालायला जागा असते, दुसरे अंगाजवळचे असते. म्हणून नंबर सारखा असला तरी प्रत्यक्ष मापे विचारा.

वजनाच्या आकड्यातही गोंधळ होतो. क्रूझरचे कापड २४ औंसांचे म्हणून ओळखले जाते. औंसाचा हा आकडा काही गिरण्या एक वार लांबीच्या, पूर्ण पन्ह्याच्या तुकड्याचा देतात, तर काही एका चौरस वाराचा. ६० इंच पन्ह्याच्या कापडात २४ औंस लांबीच्या वाराला असतील तर एका चौरस मीटरचे वजन सुमारे ४९० ग्रॅम होते. चौरस वाराला असतील तर सुमारे ८१० ग्रॅम. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी एवढे विचारून घ्या. जितके जाड कापड, तितका लूज जास्त.

पाचवी पायरी: आपलेच एक जॅकेट मोजा

ऑनलाइन किंवा जुने जॅकेट घेताना सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच. नीट बसणारे आपले एखादे जाड जॅकेट बटणे लावून टेबलावर सपाट पसरा. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. हा छातीचा घेर. मग खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, बाही, आणि कॉलरच्या खालच्या शिवणीपासून खालच्या कडेपर्यंत पाठीची लांबी. विकणाऱ्याकडून हीच चार मापे, अशाच पद्धतीने घेतलेली, मागवा.

सहावी पायरी: घालून पाहताना खांदा आधी

जॅकेट अंगावर आले की आरशात सगळ्यात आधी खांद्याची शिवण पाहा. ती आपल्या खांद्याच्या हाडावर किंवा त्याच्या किंचित बाहेर, अर्ध्या-एक इंचाच्या आत असावी. आत असेल तर हात पुढे करताच पाठ ओढली जाईल. फार खाली उतरली असेल तर हात उचलताना सगळे जॅकेट वर येईल. काही जॅकेटांच्या खांद्याला शिवण नसते आणि बाही कॉलरपासून तिरकी उतरते. तिथे हात पुढे घेतल्यावर पाठ ताणते का, एवढेच पाहा.

यानंतर मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडलेली असते ती गोल शिवण. खोल मुंढ्यात हात मोकळा हलतो असे वाटते, पण घडते उलट: मुंढा जितका खाली, तितके हात उचलल्यावर जॅकेट जास्त वर खेचले जाते. मात्र आतल्या जाड स्वेटरची बाही काखेत गोळा होता कामा नये. स्वेटरसह दोन बोटे काखेत सहज जावीत, इतकी जागा ठीक.

सातवी पायरी: बटणे लावून हालचाल करा

सगळी बटणे लावा. मधल्या बटणापासून चारी बाजूंना फुलीसारख्या सुरकुत्या उमटल्या तर जॅकेट घट्ट आहे. बंद जॅकेटमध्ये छातीपाशी मूठ जाईल इतकी जागा असावी. दोन्ही हात जात असतील तर ते सैल.

आता दोन्ही हात छातीसमोर आवळून घ्या, जणू काही उचलता आहात. पाठीच्या मधल्या शिवणीवर ताण येतो का? हात डोक्यावर न्या. कमर उघडी पडते का? वाकून बुटांची नाडी बांधा. मग खुर्चीवर बसा. बसल्यावर खालचे बटण पोटावर किंवा मांड्यांवर ओढ देत असेल, तर गाडी चालवताना रोज त्रास होईल.

पुरुषांसाठी बेतलेले जॅकेट घेणाऱ्या स्त्रियांनी इथे विशेष लक्ष द्यावे. छातीत नीट बसलेले जॅकेट नितंबांवर अडकू शकते. बाजूला चीर असेल किंवा शेवटचे बटण उघडे ठेवून चालत असेल तर ठीक. नाहीतर नितंबांच्या मापाने जॅकेट निवडावे आणि खांदा तपासून पाहावा. खांदा उतरत असेल तर स्त्रियांसाठी बेतलेले जॅकेटच शोधावे.

आठवी पायरी: बाही, लांबी, कॉलर

हात खाली सोडले की बाही अंगठ्याच्या मुळाशी पोहोचावी आणि हात पुढे केले की मनगटाचे हाड झाकलेले राहावे. बाही तोकडी असली तर हातमोजा आणि कफ यांच्यामध्ये थंडी शिरते. ती नंतर वाढवता येईलच असे नाही. आत दुमड किती आहे ते उलटून पाहा.

पाठीची लांबी वाकल्यावरही कमरपट्टा झाकणारी हवी. कॉलर वर करून सगळ्यात वरचे बटण लावा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. जाड लोकर मानेला टोचते. मफलर वापरणार असाल तर तो घालूनच पाहा.

आटण्यावर आणि सैल होण्यावर भिस्त ठेवू नका

“थोडे घट्ट आहे, पण वापरून सैल होईल” या भरवशावर जॅकेट घेऊ नका. वापराने लोकर मऊ होते आणि कोपराशी आकार धरते, पण खांदा आणि छाती वाढत नाहीत. मोठे घेऊन गरम पाण्यात आटवणे तर त्याहून वाईट. कापड सगळीकडे सारखे आटत नाही, बाह्या आखडतात, बटणांची काजे वाकडी होतात आणि अस्तर असल्यास ते आत गोळा होते. आटलेली लोकर पहिल्यासारखी होत नाही.

शिंपी काय करू शकतो

बटणे थोडी सरकवणे, बाही आखूड करणे, बाजूच्या शिवणीतून थोडे आत घेणे ही कामे होतात. कफला बटणपट्टी असेल तर बाहीचा खर्च वाढतो, आणि चौकडीच्या कापडात शिवणीवर चौकडी जुळवावी लागते. बाहेर सोडायचे असेल तर शिवणीत माया, म्हणजे आत राखलेले जादा कापड, असावे लागते. खांदा आणि मुंढा मात्र पुन्हा बेतणे म्हणजे जवळजवळ नवे जॅकेट शिवणे. घरगुती मशीन या जाडीचे चार थर सहसा ओढत नाही. जाड कापडाची सवय असलेल्याकडेच द्या.

जुने जॅकेट घेताना

छातीच्या मानाने बाह्या विचित्र तोकड्या, कापड कडक आणि काजे वाकडीतिकडी दिसत असतील, तर ते कधीतरी आटले आहे. मग लेबलवरचा नंबर विसरून जा आणि फक्त मोजलेल्या मापांवर विश्वास ठेवा. कॉलरखाली, खिशांच्या झडपांखाली आणि कोपरावर उजेडात धरून पाहा. कसरीने पाडलेली भोके तिथे लपलेली असतात.

दोन मापांत अडकलात तर

लहान मापात स्वेटरसह खांदा बरोबर बसत असेल आणि हात पुढे घेतल्यावर पाठ ताणत नसेल तर लहान घ्या. छातीतली किरकोळ तंगी बटणे सरकवून निघते. खांदा आत येत असेल तर बिनदिक्कत मोठे घ्या; बाही आणि बाजू आत घेता येतात. जे दुरुस्त होत नाही ते आधी जुळवायचे आणि जे दुरुस्त होते ते शिंप्यावर सोपवायचे, हा नियम धरला की दोन मापांतली निवड सोपी होते.

जॅकेट घरी आले की लगेच टॅग काढू नका. शक्यतो गार खोलीत, थंडीत वापरणार तेच थर घालून अर्धा तास ते अंगावर ठेवा, कारण उकाड्यात नीट बसलेले जॅकेटही घट्ट वाटते. या वेळात बसा, वाका, वरच्या फळीवरची वस्तू काढा, खिशांत रोजच्या वस्तू भरा. खांदा जागचा हलला नाही, कमर उघडी पडली नाही आणि श्वास घेताना बटणे जाणवली नाहीत, तर टॅग कापा. काही खटकले तर परत करण्याची मुदत संपण्याआधी बदलून घ्या.